आकडा नसलेलं उत्तर

हे कुणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून इथे ग्रुपवर लिहितेय.

एमएस्सीच्या आमच्या वर्गात अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा घेतलेली मी एकटीच. तीन दिवस अडलेलं एका प्रमेयाचं प्रूफ आज दुपारी सुटलं. वही घेऊन घरामागच्या वाडीत धावले. आई केळीची पानं कापत होती.

"आई, सुटलं!"

"अगं वा! उत्तर किती आलं?"

आता काय सांगू? पानभर लिहिलंय, पण त्यात आकडा एकही नाही.

"बरोबर आलं," म्हटलं.

चिकाचे हात पदराला पुसून तिने वही घेतली. अख्खं पान वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अक्षर किती सुंदर आहे गं तुझं!"

प्रूफ चुकलं असतं तरी ती हेच म्हणाली असती.

तुमच्यात आहे का कुणी, प्रूफ वाचून माझी चूक काढणारं?