उजव्या काचेचं हँडल

पुण्यात गाड्यांवर जीव टाकणारे पुष्कळ असतील, पण गाडीच्या नटबोल्टालाही ‘आपण’ म्हणणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. मी वारज्याचा गॅरेजवाला. शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी कंटाळून ढकललेली. व्याही शनिवार पेठेतले, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्त माणूस बागेत फिरतो. यांनी भंगारातून जुनी अमेरिकन गाडी उचलली. दोन दरवाजे, आठ सिलिंडर, स्टिअरिंग डावीकडं, आणि बॉनेट एवढं लांब की वळणावर ते आधी पोचतं, माणूस मागून. “तरुणपणी हिचा फोटो पाकिटात ठेवायचो,” म्हणाले, “हिला होती तशी उभी करायची. एकही पार्ट डुप्लिकेट नको.” मुलीच्या बापानं अशा वेळी मान डोलवायची असते. मी म्हणालो, “इंजिन चालू होईल. बाकीचं बघू.” तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांची पारख म्हणजे चहाचा चमचा. पार्ट हातात आला की त्यावर चमचा वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. मी आणलेल्या एका चकचकीत पंपावर त्यांनी चमचा वाजवला आणि शांतपणे म्हणाले, “व्याही, हे खोटं बोलतायत.” पंपाला, बरं का! गाडीतून निघालेला एकही तुकडा टाकायचा नाही, सगळं घरी न्यायचं. विहीणबाई मला म्हणाल्या, “भाऊ, परवा साबुदाण्याच्या खिचडीत वॉशर निघाला. मी ओरडले, तर हे म्हणतात, धुऊन ठेव, ओरिजनल आहे.”

चार वर्षांत गाडी उभी राहिली. इंजिन चालू केलं की शेजारच्या टपरीवरचे ग्लास नाचायचे. अडलं ते एका हँडलपाशी, उजव्या दरवाज्याची काच खाली करायचं. ते कुठं मिळेना, आणि त्यावाचून व्याही गाडी रस्त्यावर काढेनात. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, नजर उतरत चाललीय, चालवायचं ते दिवाळीपर्यंत चालवून घ्या.

“मी काच बंद ठेवून बसेन,” विहीणबाई म्हणाल्या. “एकदा फिरवा तरी.”

“चाळीस वर्षं तुला बसच्या गर्दीतून नेलं. या गाडीत वाराही लागू देऊ नको?”

मग मी कुणाला न सांगता कामाला लागलो. डाव्या हँडलावरून माप घेतलं, पितळ घासलं, वर चकाकी चढवली. नवं दिसू नये म्हणून चिंचेच्या पाण्यात बुडवलं आणि गॅरेजमागच्या मातीत पंधरा दिवस पुरलं. जुन्या बाजारात मिळालं म्हणून व्याह्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चमचा वाजवला. डोळे मिटले. 

“ओरिजनल!” ते म्हणाले. “असे हात अमेरिकेतच असतात.”

आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम, आणि शाबासकी अमेरिकेला! पण शब्द गिळले. त्याच दुपारी आम्ही खडकवासल्याला गेलो. विहीणबाईंनी खिडकीतून कोपर बाहेर काढलं होतं. केस उडत होते, त्या हसत होत्या, आणि व्याही रस्ता सोडून त्यांच्याकडं बघत होते. मागच्या सीटवरून मी ओरडलो, “अहो, पुढं बघा!”

आता व्याही गाडी चालवत नाहीत. दिसतं ते धूसर. संध्याकाळी दोघं उभ्या गाडीत बसून चहा पितात, काचा खाली करून. परवा मी गेलो, तर डाव्या दरवाज्याच्या हँडलावर बोट ठेवून म्हणाले, “हे फार घट्ट फिरतं हो. तिच्या बाजूसारखंच एक करून द्या.”

मी विचारलं, “कधी कळलं?”

“चमचा वाजला तेव्हाच. पण डोळे थांबणार नव्हते, व्याही.”

मी डाव्या हँडलाचा स्क्रू सैल केला. व्याह्यांनी खिशातला चमचा काढला, क्षणभर हातात धरला, आणि चहा ढवळायला विहीणबाईंकडं दिला.