उमेंद्र ओरडला

उमेंद्र रहांगडाले दवनीवाड्याचा. फुलचूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. थ्रेशरच्या पट्ट्यात गेल्यापासून त्याचा उजवा अंगठा पुरता वाकत नाही. रुबिक क्यूब जलद सोडवण्याचं त्याचं वेड तिथेच अडलं. मग ते त्याने भाचीच्या, गुंजनच्या हातांत घातलं.

मी त्याचा मित्र, साहित्याचा पदवीधर. गिऱ्हाईक नसलं की तो मला समजवायचा. "कडेचा तुकडा दोन रंगांचा. तो सरळ असते, नाहीतर उलटा. आधी सगळे सरळ करून घे. मग समोरची अन् मागची बाजू हलवाचं कामच नाही."

क्यूब सोडवण्याच्या झेडझेड पद्धतीत हे सुरुवातीलाच करतात, रू पद्धतीत शेवटाकडे. गुंजनची पद्धत सीएफओपी. आधी तळाला चार कडांचा क्रॉस, मग कोपरा आणि कड यांच्या जोड्या. जोड्या शोधताना ती सारखा अख्खा क्यूब हातात वळवायची. उमेंद्रने झेडझेडची सुरुवात तिच्या क्रॉसला जोडली. क्रॉस लावतानाच कडा सरळ करायच्या. पुढे क्यूब वळवायचा नाही. वळवला की समोर भलतीच बाजू येते आणि सरळ कडा उलट्या ठरतात.

"काय व, हात बांधून ठेवू का तुये? वळवाचं नाही म्हणजे नाही."

"मामा, पहिले तूच शिकवलं होतं वळवाले."

गोंदियातल्या स्पर्धेला आम्ही तिघे गेलो. दोनपैकी एका प्रयत्नात ठरलेली वेळ गाठली, तरच गुंजनला पुढे खेळता येणार होतं. पहिल्यात क्यूब हातून निसटला. दुसरा उरला.

कडा सरळ झाल्या. मला ते उमेंद्रने सोडलेल्या श्वासावरून कळलं. जोड्या बसू लागल्या. मग गुंजनने अख्खा क्यूब वळवला.

"वळवू नको!" उमेंद्र ओरडला.

गुंजनचे हात थांबले नाहीत. क्यूब सुटला, वेळेच्या आत सुटला. पंचांनी मान हलवली. "बाहर से मदद मिली. ये अटेम्प्ट नहीं चलेगा, बेटा."

उमेंद्र टेबलाकडे धावला. "सर, गलती मेरी है. इसकी नहीं."

"नियम है, भैया."

मागून कोणीतरी म्हणालं, "कोच ने ही मरवा दिया." माझ्या हातातला चिवड्याचा पुडा तसाच राहिला.

बाहेर टपरीवर गुंजन रडली नाही. "काऊन वरडला गा, मामा?"

"तू वळवला ना."

"अर्धा वळवला. समोरची मागं गेली, मागची समोर आली. त्या तर आपल्या न हलवाच्याच बाजू. कडा कायले बिघडतील?"

उमेंद्रने क्यूब घेतला. पाव वळवून पाहिला, मग अर्धा. तिचं बरोबर होतं. वळवणं त्याने सरसकट बंद केलं होतं, तपासून कधी पाहिलंच नव्हतं. त्याचा चहा गार झाला. फुलचूर येईपर्यंत तो तिच्याकडे बघू शकला नाही.

पुढे कितीतरी दिवस दुकानात क्यूब दिसला नाही. विचारलं की तो म्हणायचा, "काम आहे बे."

एका संध्याकाळी गुंजन आली. त्याच्या स्टुलावर बसली. क्यूब त्याच्या हातात दिला.

"कडा सरळ कर. एक जोडी लाव. आता अर्धा वळव."

अंगठा अडखळला. त्याने वळवला.

"वळवू नको!" ती एवढ्यांदा ओरडली की काउंटरवरचा माणूस दचकला.

मला हसू आलं. उमेंद्र हसला नाही. खाली मान घालून तो पुढची जोडी शोधत राहिला.