ठिबकच्या नळीवरचा फुगा

आमच्याकडं कांद्याची लागण सावडीनं होते. आज बाया आमच्या रानात, उद्या आम्ही त्यांच्या. त्या दिवशी सावड आमच्याकडं होती. दहा-बारा बाया वाफ्यात वाकलेल्या, आणि सूनबाई हातातली रोपं टाकून एकदम बांधावर बसली. डोकं दोन्ही हातांनी दाबून म्हणाली, "आत्या, असं डोकं जन्मात दुखलं न्हाई."

मी काय म्हणावं? "आपल्याच रानात सावड असली की बरं दुखतं गं तुझं." बाया हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

तिला उलटी झाली. मी तिला बाभळीखाली निजवलं आणि परत लागणीला वाकले. अर्ध्यात काम सोडलं तर बाया काय म्हणतील, हेच डोक्यात. दुपारी भाकरीला उठवायला गेले, तर तिची मान वळेना, जीभ अडखळत होती. मग लेकानं टेम्पोत घालून नगरला नेलं.

ती दवाखान्यात असताना दुसरीतली नात माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आज्जी, मी वेणीसाठी हट्ट केला, म्हणून आईच्या डोक्यात फुटलं का?"

तिला रानात नेलं, ठिबकची जुनी नळी दाखवली. डॉक्टरांनी मला समजावलं होतं तसंच सांगितलं. नळी एका जागी पातळ झाली की पाण्याच्या जोरानं तिथं फुगा येतो. डोक्यात रक्ताच्या नळ्या असतात, त्यातल्या एखादीलाही असा फुगा येतो. पुष्कळदा तो दुखत नाही, कळतही नाही, जन्मभर तसाच राहतो. पण फुटला की रक्त बाहेर येतं आणि एकदम भयंकर दुखतं. तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी जांघेतल्या रक्ताच्या नळीतून बारीक तार वर नेली आणि फुगा आतून बुजवला. हट्टानं, रडण्यानं असा फुगा येत नाही, बाळा.

तिचा चेहरा मोकळा झाला. नळी चाचपत म्हणाली, "मग आईला लगेच का न्हाई नेलं? तिनं सांगितलं न्हाई का तुला?"

नाही म्हणाले असते तर पोरीला खरं वाटलं असतं.

"सांगितलं होतं. मी हसले."

तिनं नळी खाली ठेवली. मग म्हणाली, "आई आली की तिला चुकलं म्हण."

सूनबाई घरी येऊन दोन महिने झाले. बोलता बोलता एखादा शब्द तिला अजून सापडत नाही. तेव्हा नात माझ्याकडं बघते, आणि मी पीठ मळायला घेते.