पुलाच्या पायरीवरची चौकशी

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, कल्याण स्टेशनचा पूल एका दमात कधी चढलेच नाहीत. अर्ध्या जिन्यात थांबायचे, कठड्याला हात लावायचे आणि खालून येणाऱ्या पहिल्या माणसाला गाठायचे. "काय हो, पोरीचा ताप उतरला का?" सासूबाई वैतागायच्या, "माणूस दिसला की ह्यांचा पाय निघत नाही!"

मामंजी लोको शेडमध्ये होते. थंड केलेल्या इंजिनाच्या पुढच्या पेटीत वाकून शिरायचं आणि नळ्यांतली काजळी खरवडून काढायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे ते नुसते डोळे आणि दात. साबणाची वडीसुद्धा त्यांच्यापुढे हात टेकायची. पण अंघोळीनंतरचं धोतर पांढरंशुभ्र हवं, तेवढी ऐट होती.

शेडमधून सुटताना सगळ्यांना गुळाचा खडा मिळे. गुळाने काजळी उतरते, अशी ठाम समजूत. मामंजी त्यातला अर्धा घरी आणून चुलीपाशी माझ्या हातावर ठेवत. "घे सूनबाई. मी तिकडे धूर खातो, तू इथे." माझ्या धुराची दखल घेणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

एकदा त्यांच्याबरोबर मी पूल चढत होते. जिन्यात चिटपाखरू नव्हतं, तरी ते थांबले. कपाळावर घाम, मूठ छातीवर.

"मामंजी, डॉक्टरकडे चला."

"रेल्वेच्या डॉक्टरने अनफिट लिहिलं की नोकरी गेली. धाकट्याची मॅट्रिक होऊ दे गं. आणि घसा साफ आहे माझा, गूळ खातो ना!"

काजळी घशापाशी थांबत नाही, काळजापर्यंत पोचते, हे तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक! गूळ बिचारा घशापुरता.

धाकटे भाऊजी पास झाले. मामंजींनी शेडभर पेढे वाटले. त्याच पावसाळ्यात ते पुलाच्या नेहमीच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

दारात आम्ही कधी न पाहिलेली माणसं जमली. हमाल, कोपरचे एक मास्तर, आंबिवलीची भाजीवाली. ती तर ओक्साबोक्शी रडत होती. "माझे पोरीचा ताप रोज इचारायचं. घरच्यांनी पण नाय इचारला कवा."

छातीत कळ यायची म्हणून ते थांबायचे, हे मी तिला सांगितलं नाही. कळ आली की माणसाला स्वतःशिवाय काही सुचत नाही. मामंजींना तिची पोर सुचायची.