टँकरचा पहिला निरोप

तापल्या ड्रममध्ये पाणी पडल्याचा वास आला, की दुष्काळातलं पडेगावचं आमचं ऑफिस आठवतं. एका प्रोग्राममधून दुसऱ्याकडे निरोप पोचवणारी एक मुक्त मेसेजिंग लायब्ररी, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारा तयार कोड, आम्ही नुकतीच शिकत होतो. टँकर निघाला की ऑफिसखाली राहणाऱ्या घरमालकीण मावशींच्या मोबाइलवर निरोप जाणार, म्हणजे दिवसभर वाट न बघता त्यांना बकऱ्या चारता येतील. पण मी निरोप पाठवणारा प्रोग्राम आधी चालू केला, घेणारा नंतर. घेणारा चालू व्हायच्या आत सुटलेला निरोप हरवला, मावशी रानातच राहिल्या आणि टँकर येऊन गेला. "पोरी, पाणी आता तुझ्या कम्प्युटरमधून काढू व्हय?" मावशी कडाडल्या. मी क्रम बदलला. पुढच्या खेपेला त्या पुन्हा बकऱ्या घेऊन गेल्या. या वेळी निरोप पोचला; टँकर वळणावर दिसायच्या आत जिन्याखाली बकऱ्यांच्या खुरांचा आवाज आला. त्यानंतर कितीतरी मोठी कामं केली, पण आपण केलेलं चाललं म्हणून इतका आनंद पुन्हा झाला नाही.