कालवखडकाचा फुटका कोपरा

या गोष्टीला महिना होत आला. रोज दारावर मासळी घेऊन येणारी सेवरीन त्या सकाळी टोपली डोक्यावरून उतरवेचना. मी आतूनच ओरडलो, "काय गं, मुहूर्त बघतेस काय?" माझा स्वभाव हा असा. चहा पोटात जाईपर्यंत माझ्याशी देवानंही बोलू नये. ती म्हणाली, "मास्तर, पास्कूदादा गेला. काल दुपारी. ओट्यावर जाळं शिवत बसलेला, तसाच मान टाकली…" कपातला चहा कपात राहिला. सायकल काढली आणि पाचूबंदरची वाट धरली. वाटेत रडलो. ते कशाला लपवू?

पास्कूदादा पाचूबंदरचा कोळी. शाळेत गेला तो नाव लिहिण्यापुरता. आणि मी वसईतल्या केळीच्या वाडीत वाढलेला, मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून इथल्या शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर. समुद्र दोन मैलांवर असून आजही पोहता येत नाही. आमची गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. शाळा सुटायच्या वेळी हा दांडगा माणूस करवंटीत काहीतरी घेऊन वर्गाच्या दाराशी उभा. आत दगडाचा तुकडा, त्यावर शर्टाच्या बटणांएवढी नक्षी. "मास्तर, तू शिकलेला मानूस. हे झाड म्हनायचं, दगड म्हनायचं का जनावर?" मी चष्मा सावरून सांगितलं की प्रवाळासारखं दिसतंय, पण प्रवाळ लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात, आपल्या गढूळ समुद्रात कुठून येणार? कुठूनतरी वाहत आलं असेल. तो हसला. "वाहत नाय आलं. मी आनलंय. घर ठाऊक आहे मला त्याचं."

ते घर म्हणजे कालवखडक. किनाऱ्यापासून बराच आत, फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला पाठ उघडी टाकणारा काळा खडक. चर्चचा मनोरा आणि मागे तुंगारेश्वराच्या डोंगराची सोंड एका ओळीत आली की होडी बरोबर त्याच्यावर असते, ही तिथली खूण. पास्कूदादाची पाहण्याची रीत त्याच्या आज्यापासून चालत आलेली. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला खळगा, खळग्यात मेण. गोळा तळाशी टेकवायचा, वर ओढायचा आणि मेणाला काय चिकटून आलं ते बघायचं. चिखल, रेती, शिंपला… बाकीचे कोळी जाळं कुठं लावायचं ते ठरवण्यापुरतं हे करत. हा मात्र खडकाची चारी अंगं वर्षानुवर्षं चाचपत बसायचा. मेण चर्चमधल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांचं, खोबरेल घालून मळलेलं. "देवाचं मेन आहे, खोटं नाय सांगायचं," असं म्हणायचा. शेवंडी, खेकडे, घोळीची पिल्लं त्या खडकाच्या कपारींत वाढतात आणि मग आपल्या जाळ्यांत येतात, हे त्यानं मला मी पुस्तकात वाचण्याआधी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीला डोलावतात तशी.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एक चुनाभट्टीवाला पाचूबंदरला आला. त्याला कालवखडक हवा होता, अख्खा. त्यावरची कालवं, शिंपले, प्रवाळ, सगळं फोडून भट्टीत घालायचं आणि चुना पाडायचा. बदल्यात तो गावाला दगडी धक्का बांधून देणार होता. हे आमिष साधं नव्हतं हो. तिथल्या बाया कमरेएवढ्या चिखलातून डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन यायच्या. गावातल्या म्हाताऱ्या नातालमायची सून पोटुशी असताना त्याच चिखलात पडली होती आणि पोर गेलं होतं. एकटा पास्कूदादा ओरडत होता की खडक जिवंत आहे, तो मेला की आपली जाळी रिकामी होतील. शेवटी गावानं ठरवलं, मास्तर शिकलेला आहे, तो सांगेल तसं.

पास्कूदादानं मोठ्या विश्वासानं मला खडकाचा ताजा तुकडा आणून दिला. मी तो काचेच्या बरणीत घातला, वर आमच्या वाडीतल्या विहिरीचं गोड, स्वच्छ पाणी ओतलं आणि मुंबईला माझ्या जुन्या प्राध्यापकांकडे नेला. विहिरीचं पाणी! ज्या पाण्यावर आमची केळी पोसली, त्यानं कुणाचं वाईट होईल हे माझ्या बागायती वाडवळी डोक्यात आलंच नाही. तुकडा पांढराफटक पडला. प्राध्यापकांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, मेलेला दगड आहे. मी ऐटीत गावाला चिठ्ठी लिहिली: "दगड मृत आहे, फोडण्यास हरकत नाही." खाली सही, सहीखाली पदवी. पुढच्याच ओहोटीला भट्टीवाल्याची माणसं पहारी घेऊन खडकावर चढली. दोन दिवसांत त्यांनी दक्षिणेचा कोपरा फोडून नेला.

तिसऱ्या दिवशी पास्कूदादा माझ्या घरी आला. मला वाटलं, आता हा मला उचलून आपटणार, आणि आपटलं असतं तरी मी काही बोललो नसतो. त्यानं एवढंच विचारलं, "पानी कुठलं घातलंस?" मी सांगितलं. तो मटकन खाली बसला. मग हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला. "अरे शान्या, तुला खाऱ्या पान्यात बुडवून ठेवला तर तू तरी जगशील काय?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, दादा, मी गावासमोर उभा राहून सांगतो, चूक माझी. तो म्हणाला, "तू सांगशीलच. पन आता तुझ्या सांगन्यावर कोन इस्वास ठेवनार? आता खडकालाच बोलू दे."

रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर क्रूसाजवळच्या मांडवात सगळा गाव जमला, चर्चमधून आलेला आणि शेजारच्या देवळाकडचाही. भट्टीवाला खुर्चीवर. मध्ये समुद्राच्या पाण्यानं भरलेलं घमेलं, त्यात पास्कूदादानं त्याच पहाटे आणलेला तुकडा, वर ओलं गोणपाट. आधी मी उभा राहिलो. विहिरीच्या पाण्याची सगळी कथा सांगितली. लोक हसले, आणि हसले ते बरं झालं. मग पास्कूदादानं ताज्या जवळ्याची मूठ घेतली, चुरडली आणि तिचा रस हळूच पाण्यात सोडला. अंधार व्हावा म्हणून गोणपाट पुन्हा झाकलं. आम्ही थांबलो… भट्टीवाल्यानं जांभई दिली. हा तुकडाही निपचित पडला असता तर दादाचा खडक गेला होता आणि माझं तोंड कायमचं काळं झालं होतं.

त्यानं गोणपाट उचललं. दगडावरचं एकेक बटण उमललं होतं! कडेनं बारीक, पाण्यासारखे हात बाहेर आलेले, जवळ्याचे कण पकडून आत ओढणारे. नातालमाय सगळ्यांना ढकलत पुढं आली. कोंबडीच्या पिसानं पास्कूदादानं एका बटणाला शिवलं, तसे सगळे हात चटकन आत गेले. म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओरडली, "जित्ता हाय गो! जेवतोय!" मग भट्टीवाल्याकडे वळून म्हणाली, "बाबा, माझा नातू चिखलात गेला. धक्का मला पायजे. पन दुसऱ्याची पोरं भट्टीत घालून नको." भट्टीवाला उठला, छत्री घेतली आणि गेला. अहो, काय आरोळी उठली मांडवात! कुणीतरी ढोल आणला. पास्कूदादानं मला, एवढ्या पदवीधराला, खांद्यावर घेऊन नाचवलं.

त्या दिवशी गावानं शब्द दिला, कालवखडकावर पहार नाही, नांगर नाही, जाळं नाही. खूण म्हणून खडकाच्या कपारीत बांबू रोवला, त्याला जुन्या शिडाचं फडकं. अर्नाळ्याच्या होड्याही तो बांबू बघून वळून जातात. आणि धक्का? तो गावानंच बांधला, डोंगराकडून काळा दगड आणून, दोन उन्हाळे खपून. पहिला दगड नातालमायनं ठेवला. आज तिथल्या बाया कोरड्या पायांनी मासळी उतरवतात, आणि जाळी रिकामी नाहीत.

फक्त तो फुटका कोपरा. तो माझ्या सहीचा कोपरा. पास्कूदादा दरवर्षी तिथं गोळा सोडायचा आणि दरवर्षी मेणाला नुसती रेती चिकटून यायची. मी विचारायचो, तो म्हणायचा, "थांब जरा. दर्याला घाई नसते." मला वाटायचं, माझं मन राखतोय.

परवा रोजावयनीनं, त्याच्या बायकोनं, बोलावणं धाडलं. शिशाचा गोळा तिनं माझ्या हातात दिला. मेणात त्याच्या अंगठ्याचा ठसा, आणि शेजारी शिंपल्याच्या आकाराचा खळगा. "शिंपला कुठाय?" मी विचारलं. तिनं खिडकीकडे बोट केलं. खिडकीत काचेची बरणी. जायच्या दोनच दिवस आधी दादानं फुटक्या कोपऱ्यावर गोळा सोडला होता, आणि चिकटून आलेला शिंपला "मास्तरला दाखवायचा" म्हणून ठेवला होता. त्यावर तीन बटणं, तांदळाच्या कणीएवढी. रोजावयनी म्हणाली, "रोज भरतीला पानी बदलते. दर्याचं हां, तुझ्या विहिरीचं नाय!" आणि दोघंही हसत रडलो.

तिनं जवळा चुरडून दिला. मी रस सोडला, हातानं सावली धरली. तिन्ही उमलली.

त्याच दिवशीच्या मोठ्या ओहोटीला आम्ही होडी काढली. मनोरा आणि डोंगराची सोंड एका ओळीत आली तेव्हा मी, ज्याला पोहता येत नाही तो, गुडघाभर पाण्यात खडकावर उतरलो आणि शिंपला त्याच्या कपारीत परत ठेवला. फुटक्या कडेवरून हात फिरवला. तिथं नुसता उघडा दगड उरलाय, असं दादा सांगायचा. आता बोटांना बारीक बटणांची खरखर लागली… इथं, तिथं, सगळीकडे. होडीतून रोजावयनी विचारत होती, "काय रे, काय लागतंय हाताला?" मी ओरडून सांगितलं, "भरलाय गं वयनी! दादाचा कोपरा भरलाय!"