कुलूप आबांचं, किल्ली तात्यांकडे

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उसात चक्कर आली आणि कडेगावहून आम्ही त्यांना थेट सांगलीच्या दवाखान्यात आणलं. त्यांच्या खिशात साताऱ्याच्या एका दवाखान्याचं कार्ड निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "साताऱ्याला स्टेंट बसवलाय ना? तेव्हा कुठलं औषध बाधलं होतं का?" स्टेंटचं मला काहीच ठाऊक नव्हतं. आबा साताऱ्याला गेले होते ते त्यांच्या जुन्या लष्करी पलटणीच्या मेळाव्याला. चार दिवस उशिरा परतले, तेव्हा "दोस्तांनी सोडलं न्हाई" म्हणाले होते.

आबा ग्लानीत. साताऱ्याची माहिती मागवा म्हटलं, तर कॉम्प्युटरवरच्या बाई मला ब्लॉकचेन समजावू लागल्या. अनेक कॉम्प्युटरांची साखळी असते, कुणाला खाडाखोड करता येत नाही, आणि रुग्णाच्या परवानगीशिवाय काही उघडत नाही. माझं डोकंच चालेना. आमच्या गावात एकाला कळलं की साऱ्यांना कळतं. इथं साऱ्यांकडे आहे आणि कुणालाच कळत नाही! मी तडकलो, "अहो, मी सख्खा मुलगा आहे त्यांचा!"

"तुमचं नाव नाही. ते शुद्धीवर नसतील तर परवानगी द्यायला त्यांनी दुसरा माणूस नेमलाय."

त्यांनी नाव वाचलं. आबांच्या चुलतभावाचं, तात्यांचं. दोघं एकाच पलटणीतले, पण शेताच्या बांधावरून त्यांचं बोलणं कधीचंच बंद. लग्नकार्यातसुद्धा एकमेकांकडे पाठ करून बसायचे. परवानगी मागणारा निरोप तात्यांच्या मोबाईलवर गेला. आता हा माणूस सूड उगवणार, दुसरं काय?

मी त्यांचा नंबर शोधतोय तोवर पडद्यावर माहिती उघडली. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली, तयार इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि दुसरं मागवलं. तेवढ्यात तात्यांचा फोन. "कुठला दवाखाना रं? निघालोय मी."

दुसऱ्या दिवशी आबा बोलायला लागले. मी रागातच होतो. "आवं आबा, मला का न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर शेतात पाऊल टाकू दिलं असतंस व्हय? मेळाव्यात छातीत कळ आली, तवा तुझ्या तात्यानंच उचलून नेलं."

"पण ज्याच्याशी बोलत न्हाई, त्याच्या हातात जीव?"

"मी मेलो तर त्यो भांडंल कुनासंगं?"

मी बाहेर आलो. तात्या रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होते. मी म्हटलं, "तात्या, चला की आत."

"न्हाई," ते म्हणाले. "बांधाचं मिटलं न्हाई अजून."